सहा मिनिटांचं माप

आबा,

ओसरीतून जाता-येता माझा पाय अजून आपोआप उचलला जातो. तुमची ऑक्सिजनची नळी तिथून निघून तीन दिवस झाले, तरी मी ती ओलांडते. काल हातात दुधाचं पातेलं होतं, तरी उचललाच.

लोक अजून येतात, चटईवर बसतात, पाणी पितात आणि विचारतात, "शेवटी तरास झाला का गो त्यांना?" मी सांगते, नाही, दुपारी जेवून आडवे झाले आणि झोपेतच गेले. ते खरंच आहे. पण त्याच्या एकोणीस दिवस आधी, त्या जपानी गाडीच्या चाचणीच्या वेळी, या ओसरीत जे झालं ते तुमच्या-माझ्यातच राहिलं होतं. आता ते तुमच्या मुलाला, प्रकाशला, कळलंय. घरात दोनच माणसं उरलीत आणि त्यातलं एक माझ्याशी धड बोलत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते. तुमच्यासमोर नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नाही. इथे मारते, मनावर घेऊ नका.

तुम्ही मला पाहायला डोळखांबला आला होतात, ते आठवतंय ना? मी शहापूरला आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स केलेला, वर्गात एकटी मुलगी. पोहे झाले. तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि विचारलंत, "पोरी, प्लग ओला आन काळा निघाला तर काय समजाचं?"

"तेल जास्त जातंय," मी म्हटलं. "नायतर हवा कमी."

"नायतर दोनी," तुम्ही म्हणालात आणि बाहेर जाऊन चपला घातल्यात. प्रकाशने तोवर तोंडही उघडलं नव्हतं. लग्न ठरलं ते असं. माझ्या शिक्षणाची माझ्या वडिलांना लाज वाटायची. त्या शिक्षणाबद्दल पहिल्यांदा कोणी मोठ्या आवाजात विचारलं ते तुम्ही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटायचं तेव्हा तुम्ही कशावर तरी ओरडत असायचात.

धसईच्या नाक्यावर तुम्हाला सगळे टू-स्ट्रोकवाले आबा म्हणत. जुन्या स्कूटर, रिक्षा, दूधवाल्यांच्या मोटरसायकली. पेट्रोलमध्ये तेल किती घालायचं ते तुम्ही बाटलीच्या झाकणाने मोजायचात आणि धुराच्या रंगावरून खात्री करायचात. "निळा धूर हाय म्हंजे तेल पोचतंय." त्या धुरातच आयुष्य गेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं की फुप्फुसं आखडलीत, आता दिवसरात्र ऑक्सिजन लागेल. तुम्ही फोटोकडे बघून म्हणालात, "रिंगा गेल्या म्हनाच्या." डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं, पिस्टनच्या रिंगा झिजल्या की इंजिनही असाच दम सोडतं, आणि मी हसू दाबत बाहेर गेले. बाहेर गेल्यावर रडले.

भाड्याचं मशीन माजघरात बसलं. त्याची नळी ओसरीच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचायची. पुढे अंगण, आणि अंगणापलीकडे पत्र्याची शेड. नाक्यावरचा गाळा सोडून हत्यारं तुम्ही घरी आणलीत, निदान डोळ्यांसमोर काम चालावं म्हणून. खांबापासून शेडपर्यंत अठरा पावलं. नळी अजून लांब लावली तर हवेचा जोर कमी होईल, असं मशीनवाल्याने सांगितलं होतं. मग तुम्ही खांबाला खुर्ची टेकवायचात आणि अठरा पावलांवरून मला हुकूम सोडायचात. माणूस स्वतःच्या अंगणात इतका अडकलेला मी कधी पाहिला नव्हता. मी त्याच अंगणात होते, पण माझ्याकडे असं कोणी बघत नव्हतं.

लाइट गेली की मशीन बंद पडायचं आणि टीं-टीं-टीं वाजत राहायचं. मग धावत जाऊन सिलेंडरची चावी फिरवायची आणि नळी त्याला जोडायची. तुमच्या बोटांत ती चावी फिरवण्याएवढी ताकद उरली नव्हती. प्रकाश पहाटे कल्याणला गोदामात कामाला जायचा, दिवेलागणीला यायचा. सासूबाई आधीच गेलेल्या. म्हणजे धावणारी मीच. मुरबाडच्या कारखान्यातली नोकरी मी सोडली आणि त्याच आठवड्यात पुण्याचं पत्र आलं. मुलींना इंजिनाचं काम शिकवायला बाई हवी होती. मुलाखत झालेली होती, निवडही झाली होती.

मला कोणी थांब म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी पत्र हत्यारांच्या पेटीत तळाला ठेवलं. एकदा तुम्ही पेटी मांडीवर घेऊन काहीतरी शोधत होतात, तेव्हा ते वर आलं. तुम्ही ते पूर्ण वाचलंत. मी शेडमधून बघत होते. तुम्ही त्याची होती तशी घडी घातलीत, तळाला ठेवलंत आणि ओरडलात, "संगे, बारा-तेराचा पाना गावला नाय!"

पाना वरच होता, आबा.

पौषात म्हशाच्या जत्रेला निघालेले टेंपो घरावरून जायचे. बैलांच्या घुंगरांचा आवाज, पोरांचा गोंधळ. तुम्ही म्हणालात, "जाऊन ये गो. म्हसा काय लांब हाय?" आणि त्याच क्षणाला लाइट गेली. मशीन वाजायला लागलं. तुम्ही खोखो हसलात, हसताना तुम्हाला धाप लागली. मी सिलेंडर जोडला. मला हसू आलं नव्हतं.

मग चीफसाहेब आले. मुरबाडच्या बाजूला फार्महाऊस बांधून राहणारे, पूर्वी जहाजावर चीफ इंजिनिअर होते म्हणून सगळे त्यांना चीफसाहेब म्हणतात. त्यांनी टेंपोवर घालून एक जुनी जपानी गाडी आणली. मी बॉनेट उघडून वाकले.

"काय हाय गो?" तुम्ही खांबापासून ओरडलात.

"आबा, याला पिस्टनच नाय."

"येडी झालीस काय? पिस्टन नाय तर चालते कशावर?"

मी खडू घेऊन ओसरीच्या लादीवर तुम्हाला चित्र काढून दाखवलं. कमरेत किंचित चिमटलेलं अंडं, त्याच्या आत गरगर फिरणारा त्रिकोण. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना धातूच्या बारीक पट्ट्या, त्या सतत भिंतीला घासत फिरतात. त्या घासण्यावर थोडं तेल पडत राहिलं पाहिजे. नाही पडलं की पट्ट्या झिजतात, भिंतीवर ओरखडे येतात आणि इंजिन संपतं. म्हणून कारखान्यातूनच एक छोटा पंप बसवलेला असतो. तो इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं तेल उचलून दोन बारीक नळ्यांनी थेंबाथेंबाने आत सोडतो. जितका ॲक्सिलरेटर, तितकं तेल. या गाडीचा पंप अडकलेला होता आणि कोणीतरी नळ्या काढून भोकं बुजवली होती.

तुम्ही त्या चित्राकडे खूप वेळ बघत बसलात. मग म्हणालात, "म्हंजे हा टू-स्ट्रोकच झाला की गो. तेल जालनारा."

वर्षभरात तुमचा चेहरा तसा झालेला मी पाहिला नव्हता. आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं.

"पंप काढून फेक. पेट्रोलसंगती टाकीतच तेल घाल, झाकनानं मोजून. पंप बिघडतो. झाकन बिघडत नाय."

"झाकण बिघडत नाय, माणूस विसरतो."

"मी इसरलो कदी?"

"गाडी तुमची नाय, आबा."

चीफसाहेब पायरीवर बसून चहा पीत होते. ते म्हणाले, "परवा मी गॅसवर दूध ठेवून फिरायला निघून गेलो. दर वेळी आठवणीने तेल घालीन, असा शब्द मी देऊ शकत नाही."

"मंग गाडी इका," तुम्ही म्हणालात. चीफसाहेबांना हसता हसता ठसका लागला. गाडी मात्र आपल्याकडेच ठेवून गेले.

चार दिवस तुम्ही पंपाला शिव्या घातल्यात. पाचव्या दिवशी मी चहा दिला तेव्हा बशीत बघत म्हणालात, "पंप ठेव तुजा. पन त्याला इंजिनाचं काळं तेल कशाला पाजतेस? ते जलल्यावर राख सोडतंय. येगली टाकी लाव. साफ टू-टी तेल दे त्याला, स्कूटरीत घालतो ते."

मला ते सुचलं नव्हतं. चीफसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, परदेशात लोक असंच करतात. तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मला भंगारातून एक जुनी स्कूटर उपसायला लावलीत आणि तिची तेलाची टाकी काढायला सांगितलीत. तिला बाहेरून पातळी दिसायची काच होती. ती टाकी पंपाच्या वर, गाडीच्या पत्र्याला बसवली, म्हणजे तेल आपल्या वजनानेच खाली येईल. पंप मोकळा करून साफ केला. राहिला होता एक तुकडा: पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारी चकती, जी इंजिनाच्या तेलाची वाट बंद करेल आणि टाकीच्या तेलाची वाट उघडेल. ती लेथवरच करून घ्यावी लागणार होती.

म्हणून रविवारी, प्रकाश घरी असताना, मी मुरबाडला गेले. कित्येक महिन्यांनी. चकती तासाभरात झाली. ती रुमालात बांधून मी स्टँडवर आले, तर आळेफाट्याची एसटी लागली होती. माळशेज चढून आळेफाटा, तिथून पुणे. मी तिच्या पायरीवर उभी राहिले, आबा. कंडक्टर म्हणाला, "ताई, बसायचं असेल तर बसा, दारात उभ्या राहू नका." मी उतरले. गाडी गेली. तरी मी त्या बाकावर बसून राहिले, धसईच्या दोन गाड्या समोरून गेल्या तरी.

घरी आले तर तुम्ही खांबाजवळ. "येवडा टाइम? लेथवाला झोपला व्हता काय?"

साधंच विचारलं होतं. पण मी म्हणाले, "नळी तुमच्या नाकात आहे आबा, पण तिला बांधलंय मला."

प्रकाश आतून बाहेर आला आणि तसाच मागे फिरला. तुम्ही ओरडाल असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "खरं हाय तुजं." आणि तोंड शेडकडे फिरवलंत. त्यापेक्षा तुम्ही हातातला पेला फेकून मारला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवस आपण कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी मी नळ्यांमध्ये तेल भरायला घेतलं. इंजिन पहिल्यांदा फिरायच्या आधी नळ्यांतली सगळी हवा निघाली पाहिजे. मी आरपार दिसणाऱ्या नळ्या घेतल्या होत्या. तुम्हाला एवढ्या लांबून काही दिसणार नव्हतं, तरी तुम्ही खुर्चीतून पुढे वाकून विचारत होतात, "बुडबुडा हाय का?"

"आहे एक."

"टिचकी मार. बुडबुडा हाय तवर इंजिन उपाशी."

मी टिचकी मारत राहिले. तो बुडबुडा सरकत सरकत टोकाला आला आणि फुटला. "गेला!" मी ओरडले. तुम्ही टाळी वाजवलीत. आपलं बोलणं परत सुरू झालं ते तिथून. पण बाकावरच्या त्या दोन तासांबद्दल मी बोलले नाही, आणि तुम्ही विचारलं नाहीत.

मग चाचणीचा दिवस आला. चीफसाहेबांच्या पुस्तकात लिहिलं होतं: नळ्यांची टोकं इंजिनातून काढून मापाच्या भांड्यांत सोडा, गरम इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर सहा मिनिटं चालवा, दोन्हीकडे किती तेल पडलं ते बघा. तेवढा वेळ पंपाचं तेल इंजिनात जात नाही, म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं.

"शेवटी माजंच औशद," तुम्ही म्हणालात. केवढे खूश होतात.

मापाच्या भांड्यांच्या जागी मी दवाखान्यातल्या दोन मोठ्या सिरिंजा तारेने टांगल्या. इंजिन चालू केलं. निळा धूर शेडबाहेर आला तसा तुम्ही मान वर केलीत. मी कार्ब्युरेटरची दांडी हाताने धरली, फेऱ्यांचा काटा दोन हजारांवर आणून ठेवला. तुमच्या मनगटावर घड्याळ होतं. तुम्ही हात वर करून खाली आणलात: सुरू.

एक मिनिट झालं की एक बोट. दुसऱ्याला दोन. थेंब पडत होते, डावीकडे जरा भरभर. तुम्ही तीन बोटं दाखवलीत. आणि मग शेडमधला पंखा मंदावला. मी आधी पंखा पाहिला. त्यानंतर इंजिनाच्या आवाजाखालून टीं-टीं-टीं.

सगळ्यांना मी सांगितलं की इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं होतं.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खुर्चीत ताठ बसला होतात, एका हाताने खांब धरलेला, दुसरा हात वर. चार बोटं. मग तोच हात तुम्ही पुढे ढकलल्यासारखा हलवलात: चालू दे. दांडी सोडली असती तर काय झालं असतं? माप फुकट गेलं असतं. सिलेंडर जोडून, इंजिन पुन्हा गरम करून पुन्हा सहा मिनिटं. एवढंच. मी मनात म्हटलं, दोनच मिनिटं आहेत, आणि आबाच चालू दे म्हणतायत. आणि अजून एक मनात आलं. तेही लिहिते, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं, वाजू दे. एकदा तरी मी धावणार नाही.

तुम्ही पाच बोटं दाखवलीत तेव्हा हात खांद्याच्या वर गेला नाही. सहावी खूण आलीच नाही. मी अंदाजाने इंजिन बंद केलं आणि धावले. तुमचे ओठ शाईसारखे झाले होते. माझे हात तेलाने माखलेले, सिलेंडरची चावी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा पदरात धरून फिरवली.

शेजारच्यांच्या गाडीतून आपण मुरबाडच्या दवाखान्यात गेलो. दुसऱ्या दिवशी तुम्हाला शुद्ध आली आणि तुम्ही पहिलं विचारलंत, "झाली का सहा?"

"झाली."

"किती?"

"डावीकडे बरोबर. उजवीकडे कमी."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. मग मास्कच्या आतून आवाज आला, "नळी चेपलीस. नट आवलताना. तुजा हात जड हाय, मी कदीपासून सांगतोय."

तेवढ्यात प्रकाश आत आला. रात्रभर बाहेर बाकावर बसलेला. त्याने मला विचारलं, "पण मशीन वाजलं असेल ना? तुला कसं ऐकू नाय आलं?"

मी तोंड उघडलं. तुम्ही हाताने मास्क बाजूला केलात आणि म्हणालात, "वाजलंच नाय. ब्याटरी गेली असंल तेची. संगी तरी काय करंल?" बोललात प्रकाशशी, पण बघत होतात माझ्याकडे.

मी तोंड मिटलं. आजवर मी इंजिनांची, नटांची, मापांची हजार खोटी कारणं गिऱ्हाइकांच्या तोंडावर नाकारली असतील. त्या दिवशी तुमचं खोटं मी गुपचूप घेतलं.

त्यानंतर तुम्ही घरी आलात. डॉक्टरांनी प्रकाशला सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत, आणि त्या दुपारचा दोष धरू नका, फुप्फुसं तशीही संपत आलेली. रोज सकाळी मी ठरवायचे की आज बोलायचं. एकदा सुरुवातही केली. "आबा, त्या दिवशी मी..."

"नळी बदललीस का?"

"नाय अजून."

"मंग आदी ती बदल."

तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. मी खूप विचार केलाय यावर. तुम्ही मला सांभाळलंत, ते मला कळतं, आणि त्याबद्दल तुमच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं. आणि त्याच वेळी तुमचा रागही येतो. मी मागितली नव्हती ती माफी तुम्ही परस्पर देऊन टाकलीत. मला ती हात पुढे करून घेता तरी आली असती. आणि तुम्ही हात का वर ठेवलात, हे कोणाला विचारू? तुम्हाला माप पुरं करायचं होतं? की मी बाकावर बसले होते तेव्हापासून तुमच्या मनात काही ठरलं होतं? मी हे रोज दोन्ही बाजूंनी लावून बघते. बसत नाही.

तेरावं झाल्यावर मी उजवीकडची नळी काढली. तोंडाशी चेपलेली होती, नटाखालीच. नवी घातली, हवा काढली आणि चाचणी पुन्हा घेतली. घड्याळ बॉनेटवर ठेवलं. दोन्हीकडे सारखं तेल पडलं. चीफसाहेब आले आणि गाडी चालवत घेऊन गेले. त्यांनी टाकीच्या काचेवर बोट ठेवून विचारलं, "ही कल्पना आबांची ना?" मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी प्रकाश म्हणाला, "पुण्याला फोन करून बघ." पुण्याचं तुला कसं कळलं, मी विचारलं. तो म्हणाला, "आबांनी दवाखान्यात सांगितलं. पेटीत पत्र हाय म्हणून." फोन केला. जागा भरली होती, पण दुसरी निघणार आहे, येत्या सोमवारी भेटायला या, म्हणाले. मी माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली. दोन दिवस या घरात मोकळं वाटलं, आबा. तुम्ही नव्हतात आणि तरी मोकळं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मशीनवाला मशीन न्यायला आला. प्रकाश त्याच्यावर धावूनच गेला. "तुमची बॅटरी खराब होती! लाइट गेली तेव्हा वाजलं नाय. माझा बाप गुदमरला."

मशीनवाला घाबरला. "दादा, बघू तरी," म्हणाला आणि त्याने मशीन चालू करून प्लग उपटला.

टीं-टीं-टीं.

माजघर रिकामं होतं. खाट बाहेर काढलेली. तो आवाज इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. त्याने प्लग लावला, पुन्हा उपटला. पुन्हा वाजलं. "बॅटरी चांगली आहे, दादा," तो हळूच म्हणाला. नळी गुंडाळली, मशीन टेंपोत ठेवलं आणि गेला.

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलं होतंस?"

"हो."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं. वर थोडं."

तो पायरीवर बसला. "आबांना माहीत होतं?"

"ते हात वर करून बसले होते. चालू दे म्हणत होते. आणि मीही थांबले नाही."

शेडकडे बघत तो म्हणाला, "म्हणजे माझा बाप मरताना माझ्याशी खोटं बोलला. तुझ्यासाठी."

आता बॅग भरून दाराशी आहे. सोमवारी गेले तर तो म्हणेल पळाली. राहिले तर रोज सकाळी आम्ही दोघं एकमेकांसमोर चहा पिऊ आणि तुम्ही मधे बसलेले असाल.

काल संध्याकाळी मी शेड झाडत होते. प्रकाश दारात येऊन उभा राहिला. तो कधी शेडमध्ये येत नाही, लहानपणापासून नाही आला, हे तुमचंच दुखणं होतं. त्याने खालच्या तेलाच्या डागाकडे बघत विचारलं, "ते माप शेवटी बरोबर आलं का?"

"आलं," मी म्हटलं. "दोन्हीकडे सारखं."

त्याने मान हलवली आणि अंगण ओलांडून आत गेला. मी मागोमाग ओसरीपर्यंत आले. आतून मांडणीवरून ताट काढल्याचा आवाज आला. एक काढलं की दोन, ते बाहेरून कळत नव्हतं. मी खांबाला हात लावून तिथेच उभी राहिले.

तुमची,
संगी